प्लेटवरचा दोरा

भोरात एक्स-रेचा वर्ग निघाला तो बायकांच्या हट्टापायी. गावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात यंत्र आलं, यंत्रामागोमाग ते चालवणारे धुमाळ मास्तर आले, पण वेल्ह्याकडच्या बाया त्या अंधाऱ्या खोलीत परक्या पुरुषासमोर पदर बाजूला करायला तयार होईनात. छातीचा फोटो काढायचा तर मधे लुगडं आणि लुगड्यावर घट्ट धरलेले दोन हात. मास्तर मिलिटरीतून निवृत्त झालेले, त्यांना हुकूम सोडायची सवय. बाया हुकूम ऐकून घ्यायच्या आणि ST धरून घरी जायच्या. शेवटी ट्रस्टनं ठरवलं, की आपल्याच भागातल्या मॅट्रिक झालेल्या पोरी घ्यायच्या आणि वर्षभरात त्यांना या कामात तयार करायचं. वर्षाच्या शेवटी पुण्याचे परीक्षक येणार, पास होईल तिला दाखला आणि दवाखान्यातच नोकरी.

मी आंबवड्याची. नाव भामा. आमच्या घरानं धम्म घेऊन बरीच वर्षं झाली होती, तरी पेशंट बाया मी खांद्याला हात लावण्याआधी विचारायच्या, "कुनाची गं तू?" मी सांगायची, "दवाखान्याची. श्वास रोखा." मला असल्या चौकशांना वेळ नव्हता.

माझ्या शेजारच्या बाकावर सकिना बसायची. भोरच्या बाजारात बांगड्यांचं दुकान असलेल्या जलाल मणेरांची ती मुलगी. जलालचाचा दुकानातही बांगड्या भरायचे आणि यात्रेच्या दिवसांत भाटघर, आंबवडं असे फिरायचेही. लहानपणी माझ्याही हातात त्यांनीच भरल्या होत्या. सकिना त्यांच्या हाताखाली वाढलेली. तिनं नुसता हात पुढे केला की समोरची बाई आपला हात त्यात ठेवून द्यायची. मास्तर ज्या बाईला तासभर समजावून थकायचे, ती सकिनासमोर गोगलगाय व्हायची. मला याचा थोडा हेवा वाटायचा. प्लेट धुण्यात मात्र मी तिच्यापेक्षा सरस होते, डार्करूममध्ये तांबड्या दिव्याखाली तिचं डोकं दुखायचं.

मास्तरांचा नियम एकच. "प्लेटवर माणूस दिसला पाहिजे. माणसाचं सामान नाही." सामानाशीच आमची सगळी लढाई होती. एका बाईला मंगळसूत्र काढा म्हटलं, तर तिनं ते गळ्यातून न काढता नुसतं पाठीवर टाकलं. प्लेटवर मणी थेट फुप्फुसात जाऊन बसलेले. मास्तरांनी ती प्लेट वर्गाच्या खिडकीला टांगून ठेवली आणि आठवडाभर आम्हाला रोज दाखवली.

हाताच्या प्लेटला बांगड्या नडायच्या. काचेची बांगडी प्लेटवर पांढरीफटक उठते आणि तिच्याखालची हाडाची चीर झाकून टाकते. सूज नसेल तर बांगडी साबण लावून उतरते. सूज असेल तर फोडावी लागते. त्यासाठी मास्तरांनी एक पक्कड ठेवली होती. ती पक्कड सकिना हातात धरत नसे.

"अब्बांनी सांगितलंय," ती म्हणायची, "जो हात भरतो, त्यानं फोडायची न्हाई. फोडायला दुनिया पडलीय."

"आगं, पन तू आता दुकानात हायस का?"

"हात तर त्योच हाय ना."

मग तिच्या पेशंटच्या बांगड्या मी फोडायची. मला काही वाटायचं नाही. काच ती काच. मास्तरांना हे माहीत होतं, पण सकिनाच्या प्लेटा चांगल्या येत, म्हणून त्यांनी तिकडे कानाडोळा केला.

सकिनाच्या बाबतीत ही परीक्षा नुसती परीक्षा नव्हती. शिरवळचं एक स्थळ तिला सांगून आलं होतं. माणसं बरी होती, पण सुनेनं बाहेर काम केलेलं त्यांना चालणार नव्हतं. जलालचाचांनी बायकोला आणि भावांना गप्प करण्यासाठी एक तोड काढली होती. पोरगी पास झाली तर नोकरी करेल आणि शिरवळला नकार कळवायचा. नापास झाली तर बकरी ईद उरकली की निकाह. सकिनाला नोकरी हवी होती. ती हे मोठ्यानं कुणाला सांगत नव्हती, पण दवाखान्यातून घरी जाताना ती त्या यंत्रावर स्वतः शिवलेली खोळ घालायची. लग्न ठरलेल्या पोरी उशांचे अभ्रे शिवतात, ही यंत्राला खोळ शिवत होती.

परीक्षा आली ती नेमकी लढाईच्या दिवसांत, एकाहत्तरच्या डिसेंबरात. मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग लागलेला, चावडीसमोर रेडिओभोवती माणसं. हाडांचे डॉक्टर दर गुरुवारी पुण्याहून यायचे, त्यांच्याच गाडीतून परीक्षक आले. उंच, चष्मेवाले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सांगितलं, की प्रत्येकीला समोर येईल तो पेशंट आणि एकच फिल्म. लढाईमुळे फिल्मचा तुटवडा आहे. एकमेकींना मदत करायची नाही. फिल्म भरलेली कॅसेट आणून द्यायला एकीनं थांबावं, पण पेशंटला हात लावू नये.

मला एका म्हाताऱ्याचा गुडघा मिळाला. म्हातारा सतत बोलत होता, पण गुडघा हलवत नव्हता, त्यामुळे माझं काम झालं. मग सकिनाची पाळी आली आणि कॅसेट द्यायला मी थांबले.

दारातून साळूबाई आली. पासलीची, आमच्याच वयाची असेल. डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांधावरून उतरताना पाय घसरला आणि उजव्या हातावर पडली. गावातून वेल्ह्यापर्यंत लोकांनी डोलीतून आणलेली, पुढे ST. मनगट सुजून टम्म झालेलं आणि त्या सुजेत मनगटभर हिरव्या बांगड्या रुतलेल्या. बरोबर सासू होती, अक्काबाई. तिनं सुनेचा दुसरा हात असा धरला होता, की जणू आम्ही तिला पळवून नेणार आहोत.

सकिनानं मनगट पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. परीक्षक काचेपलीकडे उभे होते.

"वैनी," सकिना म्हणाली, "बांगड्या काढाव्या लागतील."

"उतरत न्हाईत त्या," साळूबाई म्हणाली. "बगितलं म्या."

"फोडाव्या लागतील."

हे ऐकून साळूबाईनं दुखरा हात पोटाशी घेतला. "न्हाई. मोडला तर मोडू द्या हात."

अक्काबाई पुढे झाली. "पोरी, माजा गेनू तिकडं लढाईवर हाय. बंगालच्या अंगाला. आन तू हिचा हात मोकळा करायला निगालीस? आसल्या दिसांत?"

खरं सांगते, मला बाईचा रागच आला. हात वाकडा बसला तर पुढच्या पावसाळ्यात ती लावणी कशी करणार होती? गेनू काय बांगड्यांवर जगत होता का? पण मला बोलायची परवानगी नव्हती, आणि असती तरी ते बोलायची माझी हिंमत झाली नसती.

सकिना खाली बसली. बांगड्या भरायला बसतात तशीच, समोर, गुडघ्याला गुडघा लावून. तिनं हात पुढे केला. साळूबाईनं बऱ्याच वेळानं त्यात आपला हात ठेवला.

"वैनी, हात मोकळा न्हाई ऱ्हानार. फोडायच्या आधी म्या दोरा बांदते. हिरवा. दोरा फोटोत येत न्हाई. फोटो झाला, पलिस्तर झालं, की त्या पलिस्तरावर नव्या बांगड्या भरते. म्याच भरते. एवडासुदिक येळ मोकळा न्हाई ऱ्हानार."

"पलिस्तरावर?" अक्काबाईनं विचारलं.

"व्हय. माजे अब्बा मणेर हायत. मापाच्या मिळतील."

सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं आणि अक्काबाईनं मान हलवली. सकिनानं झग्याच्या खिशातून हिरव्या दोऱ्याची गुंडी काढली. दुकानात बांगड्यांचे जोड ज्यानं बांधतात तो दोरा, मणेराच्या मुलीच्या खिशात तो असायचाच. तिनं तो बांगड्यांच्या वर सैलसा बांधला. मग बांगडी आणि कातडी यांच्यामध्ये फडक्याची घडी सारली आणि पक्कड उचलली.

तिचे ओठ हलले. बांगडी भरताना जलालचाचा जे म्हणायचे तेच, बिस्मिल्ला. हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. एकेक बांगडी फुटत गेली. साळूबाई दोऱ्याकडे बघत राहिली आणि एकदाही ओरडली नाही.

मी कॅसेट दिली. सकिनानं हात तिच्यावर ठेवला, बोटं सरळ केली, डावा-उजवा ओळखायचं शिशाचं अक्षर ठेवलं आणि वरचा दिवा लावला. त्या उजेडात दोरा चमकला.

तो नुसता दोरा नव्हता. लग्नाच्या चुड्याला बांधायचा होता तो, हिरव्या रेशमात जरीची तार पिळलेली. दुकानात जो हाती येईल तो तिनं खिशात टाकला होता. जर म्हणजे धातू. धातू प्लेटवर येणार म्हणजे येणारच. ते मला दिसलं आणि तिलाही दिसलं. आम्ही दोघी त्या दोऱ्याकडे बघत राहिलो.

सोडायला कितीसा वेळ लागला असता? गाठ सैल होती. साळूबाई आता शांत होती, हात नीट ठेवलेला होता, डोळे मिटलेले होते. सोडून, प्लेट काढून, पुन्हा बांधता आला असता. तिला कळलंही नसतं. मी मनात म्हणत होते, सोड, सकिने, सोड.

सकिनानं बोटानं दोरा कोपराकडे सरकवला, सूज जाऊ देईल तेवढा. मोडल्या जागेवरून तो बाजूला झाला. पण प्लेट मोठी, निम्मा हात तिच्यात येणारच होता. मग ती उठली, काचेमागे गेली आणि बटण दाबलं.

प्लेट तिनंच धुतली. परीक्षकांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. हाड कुठं मोडलं ते लख्ख दिसत होतं. हाडांचे डॉक्टर मागून डोकावले, "छान," म्हणाले आणि प्लॅस्टर घालायला निघूनही गेले. त्या चिरेच्या वर, हाताच्या आरपार, एक बारीक पांढरी पिळदार रेघ होती.

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"दोरा, सर. जरीचा."

"आधी लक्षात आलं नाही?"

"आलं, सर."

परीक्षक तिच्याकडे बघत राहिले. त्यांना बहुधा दुसरं उत्तर अपेक्षित होतं. "आलं, तर काढला का नाही?"

"काढनार न्हाई म्हनून कबूल केलं हुतं."

धुमाळ मास्तर खाकरले. परीक्षकांनी चष्मा पुसला. ते काही वाईट माणूस नव्हते. "मुली, आज निदान दोरा बाजूला तरी आहे. उद्या छातीवर ताईत असेल, आणि डॉक्टर त्याला फुप्फुसावरचा डाग समजून वर्षभर औषध देईल. कबूल पेशंटला केलंस, पण प्लेट डॉक्टर वाचतो." त्यांनी नापास लिहिलं. मास्तर त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेले, बरंच बोलले, आणि एवढं मिळवून आले की जानेवारीत ते पुन्हा येतील तेव्हा सकिनाला आणखी एक प्लेट काढू देतील. शेवटची.

ते ऐकायला सकिना नव्हतीच. ती दुकानाकडे गेली होती आणि जलालचाचांना घेऊन आली. चाचांच्या दुकानाच्या दाराला पाटीऐवजी मोठाल्या बांगड्यांची माळ टांगलेली असायची. कुणा बाईच्या हाताच्या नव्हेत, नुसत्या शोभेच्या. त्यातल्या हिरव्या त्यांनी उतरवून आणल्या होत्या. प्लॅस्टर वाळेपर्यंत ते बाकावर बसून राहिले.

"तू फोडल्यास?" त्यांनी लेकीला विचारलं.

"व्हय, अब्बा."

"मग भर." आणि त्यांनी बांगड्या तिच्या हातात दिल्या.

तिनं त्या भरल्या. पांढऱ्या प्लॅस्टरवर हिरव्या बांगड्या खुळखुळ वाजायला लागल्या तेव्हा अक्काबाई हसली, आणि मास्तरसुद्धा म्हणाले, "हत्तीणीच्या दिसताहेत." साळूबाई दुसऱ्या हातानं त्या फिरवत, वाजवत ST स्टँडकडे गेली. महिना-दीड महिन्यानं गुरुवारीच ये, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी पास झाले आणि नोकरीला लागले. सकिना पहिल्यासारखीच येत राहिली. प्लेट धुवायची औषधं कालवायची, फिल्म वाळत घालायची, खोळ चढवायची. लढाई संपली, चावडीसमोर पेढे वाटले गेले. शिरवळची माणसं एकदा येऊन कपड्यांचं माप घेऊन गेली. त्या दिवशी सकिना आली तेव्हा तिनं दोऱ्यांचं बंडल आणलं होतं. साधं सूत, घरीच हिरव्या रंगात बुडवलेलं. मास्तरांकडून खराब फिल्मचा एक तुकडा मागून घेतला, त्यावर तो दोरा ठेवून फोटो काढला, आणि प्लेट ओलीच असताना धावत मला दाखवायला आणली. प्लेटवर काहीसुद्धा नव्हतं.

"बग," ती म्हणाली. "आता कुनाचाबी हात मोकळा करायला नको, आन साहेबांनाबी बोलायला जागा न्हाई." मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी परीक्षक आले. बकरी ईद तोंडावर आली होती. प्लॅस्टर काढून हाड जुळलंय का ते बघायला साळूबाई येणार हे ठरलेलंच होतं, आणि तीच प्लेट सकिनाची परीक्षेची प्लेट असं मास्तरांनी ठरवून टाकलं. सकिना सकाळपासून दोऱ्याचा एक तुकडा कापून खिशात घालून बसली होती.

मी दारातच होते. ST आली आणि दोघी सावकाश चालत आल्या. मला साळूबाईचं प्लॅस्टर दिसलं. त्यावर बांगड्या नव्हत्या. ठिकठिकाणी ठेचल्यासारखे खळगे पडले होते आणि त्या खळग्यांत हिरव्या काचेचा चुरा रुतून बसला होता. कपाळ मोकळं होतं. मी बाजूला झाले. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

सकिना हसत पुढे आली होती. ती तिथंच थांबली. तिनं प्लॅस्टरकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे. तोही उघडा.

"वैनी," एवढंच ती म्हणाली. मग तोंडाला ओढणी लावून भिंतीला टेकली. "म्या फोडल्या. माज्या हातानं फोडल्या."

 बोलली साळूबाईच.

"न्हाई गं. तार मागनं आली. ते आदल्या सोमवारीच गेले हुते म्हनं. म्या हितं आले त्या येळंला ते न्हवतेच." तिनं प्लॅस्टरवरच्या खळग्यावरून बोट फिरवलं. "तू फोडल्या न्हाईस. तू त्या जास्तीच्या भरल्यास."

डॉक्टरांनी प्लॅस्टर कापलं. आतला हात बारीक, पांढुरका, कातडी सुटलेला. सकिनानं तोंड धुतलं, शिशाचा एप्रन घातला आणि साळूबाईसमोर बसली. हात पुढे केला. साळूबाईनं आपला हात त्यात ठेवला. काढायचं काही नव्हतं, बांधायचंही काही नव्हतं. सकिनानं बोटं सरळ केली, अक्षर ठेवलं, दिवा लावला आणि काचेमागे जाऊन बटण दाबलं. डार्करूममध्ये ती एकटीच गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिली. मी दारावर थाप मारली नाही.

प्लेट उजेडावर लागली. हाड सुरेख जुळलं होतं. अक्काबाईनं लांबूनच विचारलं, "लावणीला चालंल का हात?" डॉक्टर म्हणाले, चालेल. साळूबाईनं मान हलवली आणि पदर नीट केला.

परीक्षक मात्र प्लेटसमोरून हलले नाहीत. त्यांना बाकीचं काही माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लेट पाहिली, पुन्हा पाहिली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"याला म्हणतात प्लेट," ते मास्तरांना म्हणाले. "हाडाशिवाय एक रेघ नाही." मग सकिनाकडे वळून त्यांनी मजेनं विचारलं, "काय गं, आज दोरा नाही बांधलास?"

सकिनाचा हात खिशात होता. तो तिनं बाहेर काढला नाही.

"लागला न्हाई, सर," ती म्हणाली.

परीक्षकांनी पेन उघडलं आणि पास लिहिलं.